पेखळेंची वही

अंबडच्या कारखान्यात, चार नंबरच्या मशीनपाशी,
हुकाला सुतळीनं टांगलेली एक वही होती.
कव्हरवर कूलंटचे डाग. आत वेळ आणि आकडे.
सात दहा, शून्य.
आठ, खाली सहा.
साडेनऊ, खाली चौदा.
अकरानंतर अठरावर थांबतं.
थंडीत अकरा नाही, बारा.

म्हणजे स्पिंडल तापतो, लांबतो,
आणि टूल खोल जातं, केसाच्या पाव जाडीनं.
ड्रॉइंगला हे कळत नाही.
ड्रॉइंग वीस अंशांवर काढलेलं असतं, कायमचं.

त्याच वीस अंशांत मी बसते,
मे महिन्यातही स्वेटर घालून, मापनाच्या खोलीत.
पेखळे काचेवर टकटक करायचे,
फडक्यात गुंडाळलेलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग हातात,
"बाई, लगेच सांगा."
मी म्हणायचे, ठेवा. निवू द्या.
गरम असताना सगळंच मोठं दिसतं.
ते ठेवायचे.
जायचे मात्र नाहीत.

जेवणाच्या सुट्टीला वहीत वेगळं पान होतं.
अर्धा तास मशीन बंद, उणे सात,
पहिला नग भंगारात.
म्हणून स्पिंडल रिकामाच फिरता ठेवून
ते शेजारी पेटीवर बसून भाकरी खायचे.
विजेच्या बिलावरून थेटे साहेब एकदा बोलले.
पेखळे म्हणाले,
विझलेली चूल पेटवायला लाकडं जास्त लागतात, साहेब.

आता सेन्सर बसलेत. पाच.
पुण्याहून आलेल्या कौस्तुभनं
दोन दिवस मांडीवर लॅपटॉप घेऊन आलेख काढला.
रेघ चढत गेली, अकराच्या सुमारास आडवी झाली.
मी वही त्याच्यापुढे धरली.
त्यानं आधी वहीकडे पाहिलं, मग पडद्याकडे,
मग खुर्ची ओढून नीट बसला.
एका मायक्रॉनचा फरक,
तोही, मला वाटतं, पेखळेंच्या चष्म्याचा.

तेव्हापासून मशीन आपली वाढ आपणच मोजतं
आणि तेवढंच मागे सरतं.
झेड दिवसभर बरोबर.
फक्त मंगळवारी, दीडच्या पुढं,
बोअर वायमध्ये पाचनं हलतं.

मंगळवारी तिकडं काय असतं, कौस्तुभनं फोनवर विचारलं.
मी शेवटचं पान उघडलं.
तिथं आकडा नव्हता, पेन्सिलीनं लिहिलं होतं:
कास्टिंगची गाडी आली की पश्चिमेचं शटर उघडं.
त्र्यंबककडचा वारा.
खांबाची पाठ गारठते, मागं रेलतो.
उन्हाळ्यात उलटं.
गाडी जाईस्तोवर बोअरला हात लावू नये.

सहावा सेन्सर पाठीला लावू, तो म्हणाला.
लावेलही.

तोवर मंगळवारी दीडला
मी माझ्या वीस अंशांतून बाहेर येते,
शटरची साखळी धरून उभी राहते.
पलीकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवतो,
पुन्हा वाजवतो.
थांबा म्हणते, ऐकू जात नाही त्याला.
आत चार नंबरचं
शेवटचं बोअर बाकी असतं.