आकडा

तिसऱ्या वर्षी शिकवलं:
आधी ग्राहकाला विचारा, मग कोड लिहा.
ग्राहक कुठून आणायचा ते पुस्तकात नव्हतं,
म्हणून मी आणि फरहीननं माझ्या बापाला धरलं.

बाप तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात,
एकोणतीस वर्षं गोणीखाली.
दुपारी दोनला कोपरखैरण्याच्या घरात येतो,
पाय धुतो, हातातला आकडा खिळ्याला लावतो
आणि मग माणसात येतो.
म्हणाला, तुमचाही धंदा आकड्याचाच म्हणा की.

फरहीनचं आडनाव मुकादम.
टोळीलाही एक मुकादम असतो, जोतीराम शेलार.
आम्ही टेबलाला नाव दिलं मुकादम,
आणि आठवडाभर ती प्रत्येक एररला ओरडायची,
माझ्या अब्बांना का शिव्या देतोय हा?

गोणी किती किलोची?
पन्नास लिहिलेलं असतं.
लिहिलेलं असतं म्हणजे?
म्हणजे लिहिलेलं असतं.
फरहीननं टिपलं: वजन, दशांश चालेल.
आणि फाटलेली गोणी?
एकानं उचलली तरी एक, दोघांनी उचलली तरी एकच.
सांडलेले कांदे बायका वेचतात, ते मोजू नका.
पानभर चौकोन, पानभर बाण.
आई म्हणाली, घर बांधताय की काय.

टोळीत अकरा नावं.
संध्याकाळी वाराई जमते, ती वाटायची.
मी चार ओळींचं फंक्शन लिहिलं:
हजर किती ते मोज, भाग, वाट.
ऐरोलीच्या लॅबमध्ये एसी इतका गार
की फरहीन ओढणीत बोटं गुंडाळून टाइप करायची.
चाळीस चाचण्या, चाळीसही हिरव्या.

मग बापाची खरी वही चढवली, फेब्रुवारीची,
आणि सगळं लाल.

हजर दहा. वाटे अकरा.
एकोणीस दिवस रोज तेच.
आनंदा सपकाळ: गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
आणि समोर पूर्ण रक्कम.

मला वाटलं, घोळ पकडला.
खरं सांगते, बरं वाटलं,
मशीननं माणसाची चोरी पकडली
की वाटतं तसलं हलकट बरं.
बापाला स्क्रीन दाखवली.
त्यानं चष्मा शोधला, सापडला नाही, तसाच वाकला.
बरोबर आहे की, म्हणाला.
आनंदाचं पाठीचं ऑपरेशन झालं, वाशीला.
पण तो आला नव्हता ना?
नव्हता.
मग?
बाप माझ्याकडे बघत राहिला,
पहिलीत मी सहानंतर आठ म्हणायचे
तेव्हा बघायचा तसा.

त्या रात्री फंक्शन चार ओळींवरून एकवीसवर गेलं.
कोण ठरवतं? सगळे.
किती दिवस? उठेपर्यंत.
आणि नाहीच उठला तर?
ते तुझ्या मशीनला कशाला पाहिजे, बाप म्हणाला.
ती जागा रिकामी ठेवली,
वर एक टिप्पणी: इथे विचारून घ्यावे.

तोंडी परीक्षेला बाहेरून सर आले,
बोट नेमकं तिथंच.
हजेरी शून्य, वाटा पूर्ण. हा बग दिसला नाही तुम्हाला?
फरहीननं टेबलाखाली माझा पाय दाबला.
मी म्हटलं, बग नाही सर, ग्राहकाची गरज आहे.
पुरावा?
वहीची झेरॉक्स दिली.
पानावर कांद्याच्या सालीचा डाग होता,
तोही आलेला झेरॉक्समध्ये.
सरांनी नखानं खरवडून पाहिला.

शंभरात एकसष्ट.
दस्तऐवज कमी पडले, म्हणाले.

आनंदाकाका एप्रिलात मार्केटला आला.
गोणी उचलत नाही,
गाळ्याबाहेर बसून फाटक्या गोण्या शिवतो.
टोळी अजून वहीच वापरते.
ॲप जोतीरामच्या मोबाइलमध्ये आहे,
त्याचा नातू त्यात गोण्या वाढवत बसतो,
परवा नऊ हजारांवर नेल्या.
तिथं मर्यादा घालायची
माझ्याकडून राहिली.