लादी

साखरीनाट्याच्या जेटीमागं, बर्फाच्या कारखान्यात
मी गेलो तेव्हा फाईलमध्ये डिप्लोमा होता
आणि यासीन होडेकर कॉम्प्रेसर तपासत होते:
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला.

"थंडी कुनी बनवत नाय," माझ्याकडे न बघताच म्हणाले.
"हितली गरमी उचलायची, भाईर टाकायची. हमाली हाय."

पुस्तकात याची दोन पानं होती, एक आकृती,
बाण आत, बाण बाहेर.
इथं बाणाला अमोनियाचा वास होता
आणि मागच्या शेडमध्ये हात ठेववत नाही असा
तापलेला नळ.
त्या नळावर दोरी बांधून रशिदा सोलकर
ऑगस्टभर बाळाची दुपटी वाळवायची.
डब्यातल्या पाण्याची ऊब
त्याच्या पाठीला लागायची.
मी खूश. म्हटलं, बघा, काहीच हरवत नाही.

यासीनभाईंनी विजेचं बिल समोर धरलं.
"मग ह्ये कशाचं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं.
तोंडपाठच होतं.

मग एका रात्री वीज गेली, अकरा तास.
जनरेटरचं बेअरिंग आधीच गेलेलं.
आम्ही दारं लावली, भुसा पसरला, गोणपाटं टाकली,
तरी ती आली,
फटीतून, पत्र्यातून, आमच्याच अंगातून,
न बोलावता, घरच्या माणसासारखी.
तिला आणायला कुठलंच यंत्र लागलं नाही.
बाहेर तांडेल दर घटकेला विचारून जात होता,
ओहोटी लागायला आली होती.

लाद्यांच्या कडा गोल झाल्या.
पोटात अडकलेली पांढरी हवा तेवढी दिसत राहिली.
यासीनभाई उकिडवे बसले, एका लादीवर तळहात टेकून.
बऱ्याच वेळानं उचलला तेव्हा
बर्फात पाच बोटं होती
आणि हाताला रंग नव्हता.
"दोगं बराबर व्हायला बगतोय," म्हणाले,
आणि हात काखेत घालून बसून राहिले.

आता कानाला स्क्रूड्रायव्हर मी लावतो.
लाँच आठ दिवसांनी परतते,
खणातलं वितळलेलं पाणी पंपानं समुद्रात फेकते.
मी वहीत लिहितो: तारीख, दाब, युनिट,
किती लाद्या गेल्या, किती डबे भरले.
बेरीज जुळते. रोज जुळते.

पाणी मात्र
खारं झालेलं असतं.