रिकाम्या गाडीचं वजन

गाडी दोनदा तोलायची असते.
आधी रिकामी, मग भरलेली.
वजा करून उरतं त्याचे पैसे.
एकोणीस वर्षं मी हेच केलं
सावर्ड्याच्या पुढे, खाणीच्या फाटकावरच्या केबिनीत.
पांढरी पावती ड्रायव्हरला, गुलाबी हापिसात,
पिवळी माझ्याकडे.
धूळ तिन्हींवर सारखी.

खाण बंद झाली त्या दिवशी
शेणवी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला
आणि म्हणाले, थोडे दिवस.
थोडे म्हणजे किती,
ते तोलायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

निघताना मी एकटाच काट्यावर उभा राहिलो.
जुना काटा, वीस-वीस किलोंनी उडी मारणारा.
मी अडुसष्ट किलोंचा माणूस.
त्याने साठ दाखवले.
आठ किलो गेले कुठे, विचारायला
खिडकीपाशी गेलो.
खिडकीतला माणूस मीच होतो.

त्यानंतरही सहालाच जाग यायची.
सुलक्षाने डबा भरणं थांबवलं नाही,
मी तो पायरीवर बसून खाल्ला, बरोबर एक वाजता.
शर्टांच्या कॉलरी हळूहळू पांढऱ्या होत गेल्या.
आधी तिला बरं वाटलं.
मग नाही.

कायतानचा ट्रक त्याच्या परसात उभा होता.
फिलोमेनाने फाळक्यावर वालीचा वेल चढवला.
हप्ता बँकेचा, शेंगा माझ्या, म्हणाली,
आणि हसली नाही.

कुडचड्याला बायोडेटा टाईप करणाऱ्या पोराने विचारलं,
काका, हॉबी?
मी म्हटलं, लिही काहीतरी.
त्याने लिहिलं: वाचन, प्रवास.
वाचले होते ते गाड्यांचे नंबर.
आणि प्रवास: वेर्णा, तीनदा,
कदंबाच्या बसने,
इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता.

तिथल्या मुलीने विचारलं,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
म्हटलं, बाय, पाच वर्षांनी मी छप्पन्नचा असेन.
तिने ते लिहून घेतलं.
वाईट नव्हती ती.
मला थंडी वाजतेय हे बघून
तिने एसी कमी केला होता.

मग कायताननेच सांगितलं,
काकोड्याकडे कचऱ्याचा प्रकल्प आहे,
काट्यावर माणूस हवा.
तो तिथली गाडी चालवत होता, मला न सांगता, महिनाभर.
अकरा दिवस मी नाही म्हटलं.
बाराव्या दिवशी सुलक्षाने डबा भरला
आणि झाकण न लावता समोर ठेवला.
बोलली काहीच नाही.
झाकण मी लावलं.

भाच्याच्या लग्नात कुणी विचारलं तर
अजून सांगतो, प्रकल्पावर असतो.
कसला, ते सांगेपर्यंत जेवणाची पंगत बसते.

खनिजाला स्वभाव नसतो.
कचऱ्याला असतो.
सोमवारची गाडी जड, रविवारच्या बाटल्यांनी.
मार्चमध्ये काजूच्या चोथ्याचा वास
दहा मिनिटं गोड, मग विचारू नका.
कॉम्प्युटर मला प्रज्योत शिकवतो, वय चोवीस.
दोन बोटांनी टाईप करतो मी,
तो तोंड फिरवून हसतो, ही त्याची माणुसकी.

परवा एक गाडी भरून आली.
मी पडद्याकडे न बघता म्हटलं,
केबिनमधले तिघे खाली उतरा.
रिकामी तोलली तेव्हा एकच होता.
प्रज्योत म्हणाला, कसं कळलं?
म्हटलं, स्प्रिंग बघ.
हे कुठे शिकवतात, काका?
ते कॉलेज बंद पडलं, म्हटलं.

संध्याकाळी, कुणी नाहीसं बघून,
या काट्यावरही उभा राहिलो.
हा दहा-दहाने उडी मारतो.
दोन वर्षांत उतरून मी सहासष्टवर आलोय,
घरच्या काट्याने, खात्रीने.
याने सत्तर दाखवले.

चार किलो जास्त.
कुणाच्या खात्यावर घालायचे, कळेना.
पावती छापावी की नाही, या विचारात होतो
तोवर मागून कायतानचा हॉर्न,
सर रे मात्सो,
गाडी जड आसा.