लाईट दिवसाची असते तेव्हा

पाळी बदलली.
या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा.
गाव खूश, रात्री झोपायला मिळतं म्हणून.
मी खूश, जागायला मिळतं म्हणून.

साडेबाराला शेवटची चुकार मोटार बंद पडते
आणि ऐनपूरच्या शिवारात
केळीच्या पानांखाली साचलेला गुंगाट
हळूहळू जमिनीत मुरतो.

मग मी बाज उचलतो.
झोपायची नव्हे. तिचा सुंभ केव्हाच सोडला,
चौकटीवर गुंडाळली तांब्याची तार,
जळालेल्या मोटारींच्या पोटातली,
लुकमान तडवीनं किलोच्या भावानं दिलेली.
"पाणी लागंल का हिनं?" त्यानं विचारलं होतं.
लागलं तर सांगतो, म्हणालो.

बाज उभी धरायची आणि फिरवायची.
तोंड सबस्टेशनकडे केलं की सबस्टेशन मुकं.
बोटभर सरकवली
की भाऊलाल बोंडेच्या ओट्यावरचा एलईडी मुका.
उरतात लाह्या.
कुठं तरी समुद्रावर, नाही तर त्याच्याही पलीकडे
वीज पडते
आणि माझ्या कानातल्या खापरात फुटते.

लांब लाट म्हणजे किती लांब?
एक लाट आमच्या पारापासून निघते,
रेशन दुकान, शाळा, मरीमायचं देऊळ ओलांडून
तापीच्या उतारावर पाय टेकते.
एवढी एकच. मग दुसरी.
असल्या ढांगांना सातपुडा काय अडवणार.

आबा भुसावळला तारबाबू होते.
जेवताना वाटीवर चमचा वाजवून
मला अक्षरं शिकवली;
ओळखलं तर वरण.
तार गेली, आबा गेले. वाटी आहे.

तीनशेच्या जरा खाली
कुठल्याशा विमानतळाचा दिवा होता.
दिसायचा नाही, वाजायचा.
दोनच अक्षरं, रात्रभर:
डा-डिट, डिट-डा.
एन, ए.
मी आपलं मराठीत वाचलं: ना.

ना. ना. ना.
आहेस ना? जागा ना? पोचलं ना?
अंगात ताप असला की नुसताच नकार.
नऊ हिवाळे. वहीत तारीख, वेळ, आणि पुढे 'ना'.

एकदा भरिताची पार्टी होती मळ्यात.
पळाट्यांवर वांगी फुटत होती
आणि मी टोपीखाली एक कान लपवलेला.
"काय आयकू राह्यला रे एवढा?"
कोकिळानं हेडफोन ओढला, स्वतःच्या कानाला लावला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "कोनी तरी उंबऱ्यात उभं आहे.
आत ये म्हनलं तरी येत नाई."
आणि कळण्याची भाकरी मोडायला बसली.

मागच्या सोमवारी नाही आलं.
मंगळवारी बाज आठी दिशांना फिरवली.
बुधवारी सांधे घासले, बॅटरी बदलली.
लाह्या तशाच.
पहाटे उत्तरेकडून येणारी ती परदेशी बाईही तशीच,
जिच्या बातम्यांतला एक शब्द मला कळत नाही
आणि जिला सर्दी झाली की कळतं.
फक्त तीनशेच्या खाली एक जागा;
दात पडल्यावर जीभ जाते
तसं माझं बोट तिथंच जातं.

विमानांना आता वरून वाट सांगतात, उपग्रहातून.
कळतं मला.
त्यांना उतरायला 'ना' लागत नाही.

पण वहीत काय लिहू?
ना लिहावं, तर आलं असं होतं.
रेघ मारावी,
तर आबांच्या वाटीवर रेघ हेही एक अक्षरच.
तारीख लिहिली, वेळ लिहिली,
पुढे काहीच नाही.

सहाला लाईट आली.
पहिली मोटार भाऊलालची.