आठ दशांश सेकंद

मी माणसं तपासत नाही, आकडे तपासते.
विमान उडतं तेव्हा त्याच्या अंगाखांद्यावरचे
दोन हजार तीनशे संवेदक एकदम बोलू लागतात,
पंखावरचा ताण, तेलाचा दाब, दांड्यावरची मुठीची पकड,
आणि बर्चच्या झाडीतल्या या बिनखिडकीच्या खोलीत
मी त्यांचं ऐकून घेते.
उत्तर स्वीडनच्या हिवाळ्यात तसंही
खिडकीतून बघण्यासारखं फारसं काही नसतं.

माझं काम निवडण्याचं.
लिंगनबेरीतून पानं, काड्या, मेलेली मुंगी काढावी
तसे मी आकड्यांतले खडे काढते:
एखादा उगाच उसळलेला, एखादा मध्येच गळालेला,
कुठल्याशा सैल वायरीने मारलेली थाप.
निवडलेलं यंत्राला भरवायचं.
यंत्र त्यातून विमान शिकतं
आणि सिम्युलेटरमध्ये बसलेली पोरं यंत्राकडून.

मे महिना, उड्डाण क्रमांक एकशे चौदा.
इंजिन बंद पडलं.
टोर्केलने खुर्चीची कडी ओढायला हवी होती
तिथे ओढली नाही.
आठ दशांश सेकंद
दांडा डावीकडे, थोडासाच,
आत कुणी झोपलं असेल म्हणून
दार लोटताना हात हळू होतो तसा.
मग कडी.

अहवालात त्याला दिरंगाई म्हटलंय.
हालवार्सन म्हणाला, विसंगत नोंद आहे, काढून टाक,
नाहीतर यंत्र दिरंगाईच शिकेल.

टोर्केल वाचला.
कणा दबून दोन सेंटिमीटर बुटका झाला,
आता दर गुरुवारी कँटीनमध्ये
वाटाण्याचं सूप उभ्याउभ्याच पितो.
मी विचारलं.
तो बराच वेळ चमचा ढवळत राहिला.
“धूर होता,” म्हणाला. “चुलीचा.”

नकाशावर तिथे काही नाही.
चाचणीच्या तीन दिवस आधी रान मोकळं करतात,
सामी लोकांना नोटीस जाते, भरपाई जाते,
सह्या होतात, रेनडिअरचे कळप हलतात.
पण त्या आठवड्यात बिरेतची एक मादी विताना अडली
आणि नोटीस काही मादीला वाचता येत नाही.
म्हातारी थांबली. कॉफी ठेवली असेल चुलीवर.
विमान तिच्या झोपडीपलीकडे,
अजून न वितळलेल्या तळ्यात गेलं.
वेग, उतार, वळणाची त्रिज्या,
मी दोनदा मांडून बघितलं.
ते आठ दशांश म्हणजे
हिशेबात धरायचा राहिलेला हातचा.

तरी नोंद मी काढली.
आदेश मोडायची माझी छाती नाही,
आणि घराचे हप्ते अजून अकरा वर्षांचे आहेत.

पण त्याच रात्री भूभागाची फाइल उघडली.
सिम्युलेटरच्या रानात पाइन आहेत, बर्फ आहे,
बारा जातींचे ढग आहेत, शत्रू तर आहेच.
धुराडं एकही नव्हतं.
मी एक घातलं.
बारीक करडा धूर, वाऱ्याबरोबर कलणारा.
कामाच्या वहीत लिहिलं: वाऱ्याची दिशा कळावी म्हणून.
अगदीच खोटं नाही ते.

भीती एवढीच,
पुढच्या आवृत्तीत कुणीतरी यंत्राला शिकवेल
की धूर म्हणजे खाली माणूस,
आणि माणूस म्हणजे नेम.
हे विमान शेवटी कशासाठी आहे
ते मला ठाऊक आहे. सूप पिणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

काल इल्वा नावाची एक पोर बसली होती आत.
तेवीसची असेल, नखं कुरतडलेली.
इंजिन बंद. भोंगा. कडीवर हात.
माझ्या पडद्यावर तिच्या मुठीची रेघ
सरळ वर चढायला निघाली
आणि थबकली.
हालवार्सनला दिसू नये म्हणून
मी मग मध्ये सरकवला.
चार दशांश. पाच.

पुढचं फाइलमध्ये आहे.
सोमवारी निवडायला बसायचंय.