बाईंना विचारा

डिचोलीच्या बाजारात, काजूच्या दुकानावर,
लाकडी जिना चढून गेलं की माझे क्लासेस.
दोन खोल्यांनी सुरू केले, आता सहा आहेत,
साखळीत एक शाखा,
आणि कमरेला अकरा चाव्या.
चालताना वाजत. मुलं गप्प होत.
शिपाई कुष्टा मला पात्रांव म्हणे
आणि मला ते आवडे, हे आधीच सांगून टाकतो.

पणजीला, मांडवीकाठच्या हॉटेलात
तीन दिवसांचं शिबिर होतं,
शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांसाठी, नेतृत्वविकासाचं.
पंधरा हजार भरले. जेवणात इसवण होता,
नेमका सोमवार, मी वरणभात खाल्ला.
भिंतीवर बाण, वर्तुळं.
'दूरदृष्टी' हा शब्द मी सात वेळा लिहून घेतला.
शेवटच्या दिवशी एक सडपातळ मुलगी,
माझ्या भाचीच्या वयाची, म्हणाली:
तुम्ही आठ दिवस आला नाहीत तर
काय काय अडेल, लिहा.

फी. पेपर. झेरॉक्स. जनरेटरचं डिझेल.
साखळीचं भाडं. पालक.
फळा पुसायचं फडकंसुद्धा लिहिलं.
पान भरलं, अभिमान वाटला.
तिनं वाचलं, परत दिलं.
"हा रिपोर्ट आहे, सर. डॉक्टरांना दाखवा."
म्हापशापर्यंत बसमध्ये मला तिचा राग आला,
अस्नोड्यापुढे नुसती झोप.

मग श्रावणात कावीळ.
आठ नाही, तेवीस दिवस.
चाव्यांचा जुडगा ज्योविता बार्रेटोंकडे दिला,
गणिताच्या बाई, शिरगावहून स्कूटरनं येतात.
दिला म्हणजे काय,
रोज संध्याकाळी फोनवरून मोजून घेतला.
सहाव्या दिवशी त्यांनी फोन उचलणं सोडलं.
कुष्टाकरवी निरोप: वर्गात आहे.

चोविसाव्या दिवशी जिना चढलो, दोनदा टेकत.
वेळापत्रक बदललेलं.
दहावीचा वर्ग पहाटे सहाला,
संध्याकाळी मुलं पेंगतात म्हणे.
आणि फीच्या वहीत, सुलक्षा माजीकच्या नावापुढे,
बाईंच्या तिरक्या देवनागरीत:
'माफ. ट्रक उभा आहे.'
एवढंच.

मी वही मिटली. परत उघडली.
खाणी बंद होऊन दोन पावसाळे उलटलेले,
मयेच्या रस्त्याला टिपर ओळीनं उभे,
चाकांतून गवत, एकाच्या स्टिअरिंगवर चक्क वेल.
मला ठाऊक होतं. रोज तिथूनच जात होतो,
आणि हप्त्यांनी फी घेत होतो,
त्याला व्यवस्थापन म्हणत होतो.

तरी ओरडायचं होतं, खोटं कशाला सांगू.
'तुम्हाला अधिकार कोणी दिला'
हे वाक्य जिभेवर तयार होतं,
तिखट, कावीळवाल्याला वर्ज्य.

तेवढ्यात पोस्टातले तिळवे आत आले.
सर, बरं झालं तुम्ही आलात,
बाई ऐकत नाहीत,
आमच्या मुलाला वरच्या तुकडीत घ्या,
तुम्ही फक्त एक शब्द टाका.

ज्योविता बाई दारात, हातात उत्तरपत्रिका.
काही बोलल्या नाहीत.
वीज गेली होती, पंखा सावकाश थांबत होता,
आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत राहिलो.

तीस वर्षं मी तो एक शब्द टाकत आलोय.
म्हणालो, बाईंना विचारा.
आवाज लागला नाही. खाकरून
पुन्हा म्हणालो.
तिळवे जागचे हलेनात,
बंद दुकानाच्या फळीशी
गिऱ्हाईक थोडा वेळ रेंगाळतं, तसे.
मग वळले.

मुलाला वरची तुकडी मिळाली नाही.
त्यांनी त्याला म्हापशाला घातला, माझ्याशी बोलणं तोडलं.
बाई बरोबर होत्या की चूक, मी विचारलं नाही;
विचारायचं फार होतं मनात.

आता सात चाव्या त्यांच्याकडे, चार माझ्याकडे.
कुष्टा हल्ली कोणालाच पात्रांव म्हणत नाही.
माझ्या चारांतली एक कशाची आहे
ते त्यालाही आठवत नाही.
सगळ्या कुलपांना लावून पाहिली.
तरी ठेवली आहे.