कुंपण बंद, एक ते पावणेदोन

आठवडाभर आमच्या आलेखावर
सेकंदाला एक, सेकंदाला एक,
खिळे ठोकल्यासारख्या उभ्या रेघा.
आकाश इतकं नेमानं वागत नाही.
मोपेड काढली, हातात छोटी अँटेना,
बोरखेडीचं शिवार बांधाबांधानं हुंगत गेलो.
पार्बताबाई कुमरेंच्या तुरीभोवती सापडलं :
तार, बॅटरी, सोलरची पाटी
आणि डब्यात टिक् टिक् करणारं झटका मशीन.

"डुकरं येते नं बापा. मागच्या साली अर्धी तूर लोळवली.
तुमचं का नासते ह्याच्यानं?"

सांगितलं, एक ठिपका आहे.
तीनशे कोटी वर्षांमागून हाक मारतो.
हाक पापणी लवायच्या शंभराव्या हिश्शाएवढी.
तीन महिने मारतो, मग दोन महिने मुका.
आठ वर्षं झाली, आम्ही तारीख-वेळ मांडतोय,
बहुतेक पानांवर माझ्याच अक्षरात :
काही नाही.

"इतक्या लांबून हाय, हे कसं समजते?"

गुरं परतत होती.
म्हटलं, बघा, रानातून सगळी एकदमच सुटली,
पण शेळ्या आल्या, गाई आल्या,
म्हशी अजून नाल्यातच.
वाट जितकी लांब, तितकी म्हैस मागं.
हाकेचंही तसंच, बारीक सूर आधी पोचतो,
जाडा मागून, रेंगाळत.

"म्हंजे म्हशीची वाट पाहून तुमी गाव मोजता."
मग जरा थांबून,
"दरवेळी तिथूनच?"
तिथूनच.
"मंग घर हाय त्याचं."
आमच्यात यावर अजून भांडणं चालू आहेत,
ते मी बोललो नाही.

रात्री एकला रेघा थांबल्या.
पडदा पहिल्यांदाच नुसता काळा.
एक वीस. काही नाही.
लांबून पत्र्याचा डबा वाजला,
तिचा "हाऽऽड", पुन्हा डबा.
मी खुर्चीतून अर्धा उठलो, पुन्हा बसलो.
एक एकतीसला
वरून खाली एक तिरपी रेघ,
विळ्याच्या पात्यासारखी वाकलेली.
अकरा मिनिटांनी आणखी एक, फिकट.
बरोबर पावणेदोनला
टिक्. टिक्. खिळे परत सुरू.

सकाळी ती बांधावर बसलेली, माचीखाली डबा चेपलेला.
"आला का तुमचा?"
दोनदा.
"माह्याकडं तिघं आले."
आणि तुरीकडं न बघताच,
"दोन तास गेले."

म्हणणार होतो, पाऊणच तास ठरला होता बाई.
मग आडवं झालेलं दिसलं,
सरळ दोन ओळी, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

नोंदवहीत अडथळ्याच्या रकान्यात
पहिल्यांदाच "नाही" लिहिलं.
समासात, पेन्सिलीनं :
निरीक्षण पाऊण तास.
तूर, दोन तास.